सातशे एक्क्याऐंशी तऱ्हा

सकाळी वाळत घातलेली साडी दुपारी शाळेतून परत येईपर्यंत त्याच जागी सापडेल, ही आशा तोंडवलीला राहायला गेल्यावर आठवडाभरातच मी सोडून दिली. साडी चोरीला जात नसे. ती नीट घडी घालून, वर दगड ठेवून माझ्या पायरीवर ठेवलेली असे. नाहीशी झालेली असे ती दोरी. दुसऱ्या दिवशी तीच दोरी भलत्याच दोन माडांमध्ये. मी घाटावरची, नवीन बदली होऊन आलेली, त्यामुळे पहिले दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मालकांना विचारलंच.

"ही दोरी रोज का हलवता?"

"येक न्हय, चवदा आसत," मालक म्हणाले आणि चालायला लागले. चालता चालताच पुढचं बोलले. "आज हय तर फाल्यां थय. बाईनू, तुमी कपडे सुकत घालूच्या आधी माका इचारा. मी सांगान आज खंय तां."

घरमालकांना मी 'मालक' म्हणत असे. गाव त्यांना काय म्हणत असे ते लिहिण्यासारखं नाही. साठीच्या पुढचे, सडपातळ, बायको वारलेली, मुलगा गोव्यात नोकरीला. पायाला भिंगरी हा शब्दप्रयोग मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले, पण त्याचा अर्थ मला मालकांना बघून कळला. हा माणूस बसत नसे. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण तर ताट हातात घेऊन ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांची बहीण म्हणायची, "भाईच्या बुडाक चटके बसतत."

घराच्या मागे समुद्राच्या अंगाला त्यांचे अठ्ठावीस माड होते. समुद्राकडून रस्त्याकडे सात ओळी, प्रत्येक ओळीत चार. त्यांच्या वडिलांनी दोरी धरून लावलेले, इतके सरळ की मला वर्गातला फळा आठवे. मालक रोज सकाळी काथ्याच्या चौदा दोऱ्या घेऊन त्यांच्या जोड्या लावत. नियम साधा होता. दोरी शेजारच्याच माडाला बांधायची, समोरच्या किंवा बाजूच्या, तिरकी नाही. एका माडाला एकच दोरी. आणि एकही माड सुटा राहायचा नाही. काल लावली तशी जोडणी आज चालायची नाही, आणि आजवर कधीही लावलेली परत चालायची नाही. लावून झालं की चौकटीच्या वहीत तिचं चित्र काढायचं, खाली आकडा टाकायचा. मी गेले तेव्हा आकडा एकशे सत्तर होता.

एकटी राहिलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नसे. ताटात तळलेल्या बांगड्याचे तीन तुकडे आले तर एक परत जाई. "येकटो माड वाऱ्याक भियता," असं ते म्हणायचे, आणि माणसाबद्दलही हेच म्हणत असावेत, कारण मी एकटी राहते याची त्यांना सतत काळजी वाटे. शाळेतल्या कुठल्या कुठल्या मास्तरांची ते माझ्याजवळ चौकशी करत. मी एकदा बरीच चिडले, तेव्हा ते थांबलं.

माझ्या खोलीच्या खिडकीला नऊ काचा होत्या, तीन ओळींत तीन-तीन. पहिल्या महिन्याचं भाडं द्यायला मी त्यांना खोलीत बोलावलं ही माझी चूक. भाडं राहिलं बाजूला, त्यांची नजर खिडकीला चिकटली. नवाच्या जोड्या लागत नाहीत. एक काच उरते. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो एका काचेवर काळा कागद चिकटवलेला. खालच्या ओळीतल्या मधल्या काचेवर. आता आठ राहिल्या, म्हणजे झालं, असा त्यांचा हिशोब. पण संध्याकाळभर ते माझ्या खिडकीबाहेर बोटं नाचवत उभे. जोड्या काही लागेनात. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी दोन काचा दोन टोकांना एकट्या पडत.

"आठ आसत. सम आकडो. मगे लागणत कित्याक नाय?"

मला वह्या तपासायच्या होत्या. शेवटी उठले आणि खडूने काचांवर खुणा केल्या: एक काळी, शेजारची पांढरी, परत काळी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. जोडी म्हणजे एक काळी आणि एक पांढरी, कारण शेजारी दुसरा रंगच असतो. नऊ काचांत पाच काळ्या, चार पांढऱ्या. तुम्ही झाकलीत पांढरी. राहिल्या पाच काळ्या, तीन पांढऱ्या. कशा लागतील?

मालक खिडकीपासून मागे सरले, पुढे आले, परत मागे सरले. मग हात जोडले. देवळाबाहेर त्यांना हात जोडताना मी बघितलं ते तेव्हाच. कागद खिडकीच्या अगदी मधोमधच्या, काळ्या काचेवर गेला. माझी खोली पुढचं दीड वर्ष दुपारीही अंधारीच राहिली, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'बाईनू' नव्हे, तर 'गणिताच्ये बाईनू' झाले.

पर्यटकांशी त्यांचं जमत नसे. समुद्रावर येणारी तरुण मंडळी त्या दोऱ्यांसमोर उभी राहून फोटो काढत. एकीने विचारलं, ही काही पूजा आहे का. "व्हय," मालक म्हणाले, "पण देव आजून येवक नाय." दोघांनी एकदा आपला जाळीचा झोपाळा दोन माडांना बांधला, तर मालक धावतच गेले. झोपाळा बांधायला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती माडांच्या निवडीला. ते दोन माड त्या दिवशी वेगवेगळ्या जोड्यांत होते. "ह्यो दोग येगयेगळ्या घरातले. तेंका कशाक बांदतास? ह्यो घ्या, ह्यो नवरो-बायल." त्या बिचाऱ्यांनी झोपाळा सोडून त्यांच्या मनासारखा बांधला आणि रात्री त्याचा व्हिडिओ टाकला. तो लाखभर लोकांनी पाहिला म्हणे. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "लाखांतलो येक तरी मोजता काय?"

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस होता, आणि मी वर्षभर नेलाच. घरी फोनवर आईला रोजची दोरी सांगायचे. आज साडी तिसऱ्या ओळीत गं, समुद्राकडून. आई विचारायची, त्यांना कुणी डॉक्टरला दाखवत का नाही?

त्यांच्या बहिणीला सगळे बाय म्हणत. भावंडांत सगळ्यात धाकटी, पंचावन्नच्या आसपास, लग्न झालेलं नाही. ती मोठ्या घरात राहत नसे. माडांच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला दोन खोल्यांचं जुनं कौलारू बिऱ्हाड होतं, तिथे एकटी. दिवसभर कोयतीने माडाच्या पातीतले हीर, म्हणजे मधल्या ताठ काड्या, सोलून झाडण्या बांधायची, छपरांसाठी झापं विणायची. माडांना पाणी, राख, मीठ घालणं, पडलेली झावळी ओढणं, सगळं तीच करी. मालक माडांना दोऱ्या बांधत, आणि ती माडांचं करत होती. मी तिला विचारलं, तुम्ही भावाकडे का नाही राहत? तर म्हणाली, "चलता तो दिसभर. माजी मान दुकता."

दोऱ्यांचं मूळ मला तिनेच सांगितलं, झाडणी बांधता बांधता, नक्कल करत. भावंडं तीन. मधल्या भावाचं खारेपाटणला दुकान. त्याला वाटणी हवी होती. सरळ, अर्ध्यावर रेघ मारून: रस्त्याकडचं थोरल्याला, समुद्राकडचं आपल्याला. समुद्राकडचं घ्यायला हॉटेलवाले तयार होते. मालक म्हणाले, रेघ नको, जुन्या रीतीने करू. शेजारच्या दोन माडांची जोडी लावायची, प्रत्येक जोडीतला एक तुला, एक मला. शेजारचे माड म्हणजे एकच माती, एकच वारा, कुणाचं कमी-जास्त नाही. पण जोड्या कशा लावायच्या यावर महिनाभर भांडण. शेवटी दोघे देवळात गेले आणि गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं. देवासमोर बोललेला शब्द आमच्याकडे कोर्टापेक्षा जड, बाय म्हणाली, आणि कोयती खाली ठेवून गुरवाचा आवाज काढला:

"बा देवा म्हाराजा! ह्ये दोग भाव आज तुज्या पायाकडे इलेत. थोरलो म्हणता, जोड्ये लावच्यो जितक्यो तऱ्हा आसत तितक्यो सगळ्यो बगीन, रोज येक. दोगांच्या मनासारकी गावली तर जोडयेन वाटणी. सगळ्यो बगून पण नाय गावली, तर धाकटो म्हणता तशी रेग! बोल मोडता तेका तू बगून घी म्हाराजा!" आणि स्वतःच दोन्ही बाजूंनी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मधल्या भावाने हे कबूल केलं, कारण त्याला वाटलं, अठ्ठावीस माड, चौदा जोड्या. किती तऱ्हा असणार? पंधरवडा लागेल. महिना धरा.

मी हसून हसून बेजार झाले. दुकान चालवणारा माणूस, पण कुणाला विचारण्याचं त्याला सुचलं नाही. बायही हसली. हसताना ती समुद्राकडे बघत होती, हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा विचार केला नाही.

मालक अडाणी नव्हते. दोनच माडांची ओळ धरली तर काय होतं ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. एक ओळ, एक तऱ्हा. दोन ओळी, दोन. मग तीन, पाच, आठ, तेरा. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. सात ओळींना एकवीस. मग बागेचे उभे दोन भाग केले, दोन-दोन माडांचे, तर एकवीस गुणिले एकवीस, चारशे एक्केचाळीस. सगळ्यात सोपी एक शेवटासाठी ठेवून हे बाकीचे सगळे त्यांनी क्रमाने लावले होते. उरले ते ज्यांत एखादी तरी दोरी मधली रेघ ओलांडून जाते. त्यांना मालक 'आडमुठे' म्हणायचे. आडमुठ्यांना क्रम नव्हता. रोज सकाळी नवीन सुचवायचा, मग वहीतली सगळी चित्रं उलटून तो आधी येऊन गेला नाही ना बघायचं. यात तास-दोन तास जात. ते वही हातात घेऊन माडांतून फेऱ्या मारत, पानं वाऱ्याने उडत, आणि ते ओरडत. पावसाळ्यात तर दोऱ्या भिजून फुगायच्या, गाठी सुटायच्या नाहीत, तरी एकही दिवस चुकला नाही. तापात सुद्धा नाही. "गणित चुकला तर पुसूक येता," म्हणायचे, "माड चुकलो तर तीस वर्सां डोळ्यांसमोर उबो रवता."

सहाशेचा आकडा ओलांडला तेव्हा एकदा त्यांनी मला वही तपासायला दिली. एखादी तऱ्हा दोनदा आली असेल तर देवाशी खोटं होईल, ही भीती. वही उलटता उलटता मला वाटलं, इतकं बघण्यापेक्षा सरळ एकूण किती ते काढू की. गणिताच्या शिक्षकाला हा मोह आवरत नाही. आठवडाभर शाळेतल्या मोकळ्या तासांना मी ओळीमागून ओळ काढत बसले. दोन ओळींना पाच, तीनला अकरा, चारला छत्तीस. तिथवर आगपेटीच्या काड्या मांडून पडताळलं. पुढे पंच्याण्णव, दोनशे एक्क्याऐंशी, आणि सात ओळींना सातशे एक्क्याऐंशी. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. पोरांसारखी पळत घरी गेले.

"मालक, सातशे एक्क्याऐंशी! एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

त्या दिवशी सहाशे बारावी तऱ्हा लागली होती. मालक चालत होते ते थांबले.

"संपतत?"

"संपणारच ना. अजून एकशे एकोणसत्तर दिवस."

"माका वाटलेला संपनत नाय," ते म्हणाले. "आडमुठे वाडत वाडत जातत, हजारांनी आसतले. माज्या हयातीत संपाचे नाय असां धरून मी देवाक बोल दिल्लंय." मग मला म्हणाले, "खात्री आसा?"

मी म्हटलं, आहे. मला शाबासकी हवी होती. ते वही उचलून माडांत निघून गेले, आणि मला राग आला. आठवडाभराची मेहनत, आणि साधं बरं केलंत असंही नाही.

चारच दिवसांनी चतुर्थी आली. मधला भाऊ बायकामुलांसह गणपतीला आला. कोकणात भांडण कितीही असलं तरी गणपती एकच असतो. जेवताना मला आग्रहाने बसवलं होतं, आणि मी, उंटावरची शहाणी, मोदक फोडता फोडता त्याला सांगितलं की तुमच्या भावाचं कोडं मी सोडवलंय. किती? सातशे एक्क्याऐंशी. आता किती झाल्या? सहाशे सोळा. भावाने जेवणाच्या हातानेच मोबाईल काढला, दिवस मोजले आणि फेब्रुवारीतल्या एका तारखेवर खूण केली. वाढता वाढता बायचा हात थांबला. मालक ताट घेऊन अंगणात चालत होते. मला कळेना की मी केलं काय.

ते मला मालकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, दोरीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता. रेघ मारली की समुद्राकडचं भावाचं. बायचं बिऱ्हाड समुद्राकडे. तो ते हॉटेलवाल्यांना देणार, आणि ते पहिल्या दिवशी तिची कौलं उतरवणार. जोडीने वाटणी झाली असती तर एक माड याचा, शेजारचा त्याचा, सगळी बाग गुंतलेली. भिंत घालायला जागा नाही, मग असली मालकी विकत कोण घेणार? पण ते भावाने कधीच मनापासून मानलं नसतं, म्हणून वेळ काढायचा. रोज एक तऱ्हा म्हणजे बायचा एक दिवस.

"आनी तुमी तेका तारीक दिलास," ते म्हणाले. रागाने नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढचे साडेपाच महिने नीट लागली नाही. सकाळी उठले की आधी खिडकीतून दोऱ्या बघायच्या. आज किती राहिले. एकशे वीस. नव्वद. वर्गात शिकवताना मधेच फळ्याच्या कोपऱ्यात वजाबाकी करायचे. मालकही आता धावतच असत. दोरी बांधून झाली तरी माडांतून फेऱ्या, मग रस्त्याला, मग समुद्रावर, पुन्हा परत. मी एकदा म्हटलं, एखादी तऱ्हा पुन्हा लावा, कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. मग म्हटलं, तुम्हाला एखादी मनासारखी सापडली असं सांगा आणि जोडीने वाटणी मागा. म्हणाले, मागितली होती. दोनशे चौतिसावी. भाऊ म्हणाला, सगळ्या बघीन म्हणालास ना, मग बघ सगळ्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे दोघेही.

मी बायकडे गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तू कित्याक रडतंस गो? आकडो तुज्या घरचो?" एवढंच. त्यानंतर ती दोन-तीनदा एसटीने मालवणला गेली, झाडण्या न घेता. मला वाटलं दवाखान्यात.

शेवटच्या दिवशी, तेरा फेब्रुवारीला, मी शाळेतून रजा घेतली. मधला भाऊ सकाळीच गाडी घेऊन आला होता. हातात मोजणीचा अर्ज. मालकांनी सातशे एक्क्याऐंशीवी तऱ्हा लावायला घेतली. सगळ्यात सोपी त्यांनी मागे ठेवली होती: प्रत्येक ओळीत दोन जोड्या, सगळ्या दोऱ्या एका दिशेला. चौदावी गाठ मारली, वहीत चित्र काढलं, आकडा टाकला, आणि म्हणाले, "झाला. घाल रेग."

तेवढ्यात बाय आली. हातात कोयती, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद.

"रेग कोणाकोणात?" तिने विचारलं.

"माज्यात आनी भाईत," मधला म्हणाला.

"आनी मी?"

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. दोन वर्षं ज्यांनी एकमेकांकडे धड बघितलं नव्हतं ते. आणि मग, मला हे लिहितानाही त्रास होतो, पण बोलले ते मालक.

"बाय, तू सही केलंस मगे. हक्क सोडलंस. बाबा गेले तेवा."

मला त्यांचा इतका संताप आला की मी माडाला हात टेकला. दोन वर्षं जिच्यासाठी हा माणूस तापात उठला, तिला हाच असं कसं म्हणतो?

"केलंय," बाय म्हणाली. "पेन तूच माज्या हातात दिलंस. सांगलंस, भैणी सही करतत, रीत आसा. मी केलंय. तो कागद तुमी दोगांनी कपाटात घातलास, पुढे कचेरीत नेवकच नाय. मालवणात जावन इचारलंय मी. नोंद नाय तेची." तिने पिशवीतला कागद काढला. "ह्यो सातबारो. तुमच्या दोगांच्या नावाखाली माजां नाव आसा. माज्या सहीबगर रेग पडाची नाय."

मधला म्हणाला, मी कोर्टात जाईन. ती म्हणाली, "जा. माका टायम आसा." त्याने अर्ज हातातच चुरगाळला आणि गाडीत जाऊन बसला. पण गाडी सुरू केली नाही.

मालक तिथेच उभे होते. बाय त्यांच्याजवळ गेली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "भाई, दोन वर्सां माज्यासाटी दोरयो बांदलंस. माका म्हायत आसा. सातशे तऱ्हा तुका सुचल्यो. येका तरी तऱ्हेत माजो माड घालूक सुचलो नाय?"

मालकांनी एकेक गाठ सोडायला घेतली. चौदाही दोऱ्या सोडून खांद्यावर टाकल्या आणि घरात गेले. मधला गाडीतून उतरून ओसरीवर येऊन बसला. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत होते तर मालक माझ्या पायरीशी.

"गणिताच्ये बाईनू, वायच येवा."

माडांत दोऱ्या होत्या, पण वेगळ्या. तीन-तीन माडांना एक दोरी, कुठे सरळ, कुठे कोपऱ्यात वळून. प्रत्येक तिकडीतला एक माड एकेका भावंडाचा. मधला भाऊ हाताची घडी घालून एका बाजूला उभा. बाय नेहमीसारखी हीर सोलत बसलेली.

"नव तिकडी लागली," मालक म्हणाले. "सत्तावीस झाले. येक उरता. तो कोणाचो?"

मला काय विचारता, मी म्हटलं, जिला विचारायचं तिला विचारा. मालक वळले. काही विचारण्याआधीच बायने मान वर न करता सांगितलं, "उरलेलो माजो. आनी मी रवतंय तां घर पण."

मधल्याने तोंड उघडलं. मग त्याने माडांकडे बघितलं, दोऱ्यांच्या त्या गुंत्याकडे, आणि मिटलं.

"बरां," मालक म्हणाले. पण त्यांचा पाय परत हलायला लागला होता. मला ती हालचाल ओळखीची होती. त्यांनी खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं, आणि माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "बाईनू, तिकड्यांच्यो तऱ्हा किती होतत?"

मी ते काढू शकले असते. जोड्यांपेक्षा कठीण आहे, पण आठवड्याभरात काढलं असतं. किमान हजार तरी असतील, हे उभ्या उभ्या दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. पहाटेपासून ते नक्की चार-पाच तऱ्हा लावून सोडून बसले होते, दोऱ्यांच्या खुणा खोडांवर दिसत होत्या.

"एकच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तीस वर्षं मुलांना गणित शिकवते आहे. असं खोटं उत्तर मी आधी कधी दिलं नव्हतं, नंतरही दिलेलं नाही.

"येकच?"

"एकच. हीच."

मालकांनी वही मिटली. मग बायकडे गेले, आणि ज्या बागेत ती पंचावन्न वर्षं वावरली त्या बागेत तिला पहिल्यांदाच विचारलं, "बाय, तुका खंयचो व्हयो?"

बाय उठली. कोयती कमरेला खोचली, आणि एकेका माडापाशी थांबत, वर शेंड्याकडे बघत, खोडावरून हात फिरवत निघाली. आम्ही तिघं उभे होतो. तिने अजिबात घाई केली नाही.